हात बसायला हवा

लालबाग-परळच्या माणसाला उंदराचे अप्रूप ते काय! एक गणपतीच्या पायाशी मोदक धरून बसलेला, दुसरा माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे लपलेला. पण हल्ली चाळीच्या खोल्यांतून तिसऱ्या उंदरानेही बस्तान बसवले आहे. तो टेबलावर राहतो, त्याच्या पोटात लाल-निळे दिवे लागतात आणि त्याने किती चपळ असावे यावरून घरात वाद होतात. हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे माझे मत झाले आहे.

माझी ताई लालबागला राहते. दहा बाय बाराची खोली आणि माणसे चार : ताई, भावोजी, ताईच्या सासूबाई आणि १९ वर्षांचा भाचा. भाच्याने दोन सुट्ट्या काम करून पैसे साठवले, लॅमिंग्टन रोडला खेपा घातल्या, एकेक भाग आणून संगणक जोडला. त्यावर तो 'काउंटर-स्ट्राइक' खेळतो. कॉलेजचा पाच जणांचा संघ निवडायचा होता आणि त्याला त्यात जागा हवी होती. ताईचे म्हणणे सरळ होते. "संघात आलास तर ठेव. नाही आलास तर ते धूड विक. निदान सासूबाईंना पाय पसरायला जागा होईल."

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९९९ साली जन्मलेला, म्हणजे माझ्या भाच्याहून वयाने मोठा असा हा खेळ. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही. दिसतात ते पुढे आलेले हात, बंदूक आणि मधोमध नेमाची एक लहानशी खूण. डाव्या हाताने कळा दाबून चालायचे, उजव्या हाताने माऊस सरकवून पाहायचे आणि नेम धरायचा. माऊस टेबलावर एवढा सरकला की खेळातल्या माणसाने केवढे वळावे, हे प्रमाण ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्याला म्हणतात 'सेन्सिटिव्हिटी'. मुले लाडाने 'सेन्स' म्हणतात. "यांच्यात तेवढाच सेन्स आहे," ही ताईची त्यावरची टीका.

प्रमाण जास्त ठेवले तर माणूस मनगटाच्या एका झटक्यात गर्रकन वळतो, पण बारीक नेम धरताना खूण लक्ष्यापलीकडे जाते. कमी ठेवले तर नेम स्थिर राहतो, पण पाठीमागून कुणी आला तर वळेपर्यंत आपला कारभार आटोपलेला असतो. चपळाई आणि अचूकपणा यांचे हे भांडण जुनेच आहे. लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ लागतो, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली गणितात मांडून ठेवले होते. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते, पण हात हेच होते.

आता थोडा हिशेब. माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला जितके ठोके मोजून देतो, तो त्याचा डीपीआय. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्स १ असेल तर दर ठोक्याला माणूस ०.०२२ अंश वळतो. डीपीआय ८०० धरला तर पूर्ण गिरकीला माऊस सुमारे ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो आणि पाठीमागे वळायला २६. या खेळातले बरेच नामांकित खेळाडू याच्या आसपास असतात. ते मनगटावर नाही, कोपरापासून सबंध हाताने खेळतात. भाच्याने एका परदेशी खेळाडूचा आकडा जसाच्या तसा उचलला. पण त्या खेळाडूचे टेबल त्याला कुठून मिळणार?

ताईच्या घरातले टेबल म्हणजे भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेली दोन फुटांची फळी. रात्री अंथरुणे पडली की ती खाली सोडायची. दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. त्यातले ४४ की-बोर्डने खाल्ले. उरलेल्या १७ मध्ये माऊस आणि सासूबाईंचा औषधांचा डबा. पाठीमागे वळायला २६ सेंटीमीटर हवेत आणि जागा तर एवढीच! साहजिकच माऊस डब्यावर आपटायचा, आजी कावायच्या आणि खेळात भाचा मरायचा.

मग त्याने सेन्स ३ केला. गिरकी फळीत बसली, पण नेम थरथरू लागला. म्हणून २.४, मग २.७, एका रात्री १.८. दर हरलेल्या डावामागे एक नवा आकडा. सारा भार मनगटावर येऊन ते दुखू लागले, तेव्हा ताईने मला बोलावले. "तुझं ऐकतो तो. तूच सांग."

मी हा खेळ खेळत नाही. माझे शिक्षण गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, कॅरमच्या बोर्डावर झालेले. पण पंधरा ग्रॅमच्या आतल्या स्ट्रायकरला नखाने किती टोला दिला की तो ७४ सेंटीमीटरच्या बोर्डावर कुठे जाऊन थांबतो, हे ज्याच्या बोटांत मुरले आहे त्याला हा प्रश्न परका नाही. हाताला आकडा कळत नाही, अंतर कळते. तेही एकच अंतर शेकडो वेळा गिरवल्यावर. रोज बोर्डाचा आकार बदलला तर चांगला खेळाडूही भोकाशेजारची सोंगटी चुकवेल.

"मामा, पण जुलैपासून माऊस जडच झालाय. म्हणून वाढवत गेलो," भाचा म्हणाला. मी माऊसखालचे कापडी पॅड हातात घेतले. घामाने आणि हवेतल्या दमटपणाने ते पार ओलसर झाले होते. पावसाळ्यात आमचा बोर्डही जड होई. मग त्यावर टांगलेला बल्ब खेळाआधी तासभर लावून ठेवायचा आणि वर बोरिक पावडर टाकायची. बोर्ड जड झाला म्हणून कुणी आपला टोला बदलत नसे, बोर्डच पुन्हा ताळ्यावर आणत. ते पॅड आम्ही धुतले आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवले. फळीला हात चिकटू नये म्हणून भावोजींच्या जुन्या मोज्याचा तळ कापून त्याची बाही केली.

आणखी एक गोष्ट भाच्याला ठाऊक होती, पण करायची राहिली होती. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची सोय असते. ती चालू असली की तेवढेच अंतर माऊस वेगाने सरकवल्यास खूण जास्त पळते. कार्यालयातल्या कामाला ती बरी, पण नेमबाजीत तिच्यामुळे हाताला अंतर शिकताच येत नाही. काही खेळ ही सोय वगळूनच माऊसचे ठोके वाचतात, पण ती बंद केली की शंकाच राहत नाही. ती बंद केली.

मग मी शिवणाच्या डब्यातली टेप मागवली. लॅमिंग्टन रोडला की-बोर्ड बदलून आकड्यांचा उजवा भाग नसलेला, ३६ सेंटीमीटरचा घेतला. बरेच खेळाडू तो तिरका ठेवतात, तसा ठेवला. औषधांचा डबा आजींच्याच संमतीने देव्हाऱ्याखालच्या फळीवर गेला. माऊसला २५ सेंटीमीटर मिळाले. त्यात बसेल असा आकडा निघाला १.५. पूर्ण गिरकीला साधारण ३५ आणि पाठीमागे वळायला १७ सेंटीमीटर. सरावाच्या खोलीत समोर एक खूण, बरोबर मागे दुसरी, आणि एकीवरून दुसरीवर जायचे. खूण सारखी पलीकडे जात असेल तर आकडा किंचित कमी, सारखी अलीकडे थांबत असेल तर किंचित जास्त. एखादा नेम चुकला म्हणून काहीच बदलायचे नाही. अट एकच : आकडा ठरला की पंधरा दिवस त्याला हात लावायचा नाही. आणि मनगट दुखत असेल त्या दिवशी खेळच नाही.

या भागात एका पिढीने हा खेळ सायबर कॅफेत खेळून ठेवला आहे. तिथे तासाचे पैसे भरायचे आणि मिळेल तो माऊस घ्यायचा. काल कुणी काय आकडा ठेवला, कुणास ठाऊक! माऊसच्या पोटात तेव्हा गोळी असे, तिच्या चाकांवरचा मळ नखाने खरवडून खेळ सुरू व्हायचा. त्या मुलांचा हात बसायचा कसा? भाच्याची फळी दोनच फुटांची, पण ती रोज तीच आहे, हे त्याचे भाग्य.

आणि अपुऱ्या सोयीतून बसलेला हात कमी प्रतीचा असतो, असे थोडेच आहे? दादरच्या शिवाजी पार्कवर घडलेल्या सचिन तेंडुलकरने लहानपणी भावाची पूर्ण आकाराची बॅट वापरली. ती पेलावी म्हणून त्याने मूठ खाली धरली. ती बदलून पाहण्याचा सल्ला मिळाला, त्याने बदलूनही पाहिली, पण हाताला रुचली नाही. पुढे जगभरची मैदाने त्याने त्याच मुठीने गाजवली. पुस्तकातली मूठ बहुतेकांसाठी बरोबर असेल, पण त्याचा हात आधीच बसला होता.

पहिले चार दिवस भाचा रडकुंडीला आला. "जुनाच बरा होता," म्हणू लागला. "जुना म्हणजे कुठला? तुझे तर चार होते," मी विचारले. दहाव्या दिवशी तो आकड्यांविषयी बोलायचा थांबला आणि समोरच्या खेळाडूंच्या चालींविषयी बोलू लागला. हात बसल्याची खूण मला त्यात दिसली. जोवर हातावर लक्ष आहे, तोवर खेळावर कसे असणार?

निवडीत तो पाचात आला नाही. सहावा, राखीव म्हणून आला. यावर घरात पुन्हा चर्चा झाली आणि राखीव म्हणजे संघातच, असा निवाडा आजींनी दिला. स्पर्धेत दुसऱ्या फेरीत एकाला ताप आला आणि याला उतरावे लागले. तिथली टेबले चांगली चार-चार फुटांची. "आता जागा आहे, सेन्स उतरव," असे सगळे सांगत होते. त्याने टेबलाच्या कडेपासून वीतभर मोजून पॅड ठेवले, की-बोर्ड तिरका केला आणि १.५ वरच खेळला. संघ ती फेरी हरला. पण त्यांच्यात सर्वाधिक बळी याचेच होते.

संगणक अजून आहे. रात्री दहाला मात्र फळी खाली पडते.