फिजिशियन असिस्टंट व्हायचंय? आधी फीचं बघा

भारतात फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाची सुरुवात 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये झाली. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मग डॉक्टरच का नाही?’ हा प्रश्न येणारच, असं धरून चला. ‘नीटला गुण कमी पडले’ हे उत्तर खरं असलं, तरी अपुरं. त्यापेक्षा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या रांगेत काय पाहिलंत, ते सांगा.

आता फी. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत; पात्र मुलींना 2024-25 पासून पूर्ण. मेख अशी, की अभ्यासक्रम योजनेत बसणारा हवा आणि प्रवेश व्यवस्थापन कोट्यातला नको. पहिला हप्ता भरण्याआधीच कॉलेजात हे विचारून घ्या. नंतर कुणी दाद देत नाही.

शैक्षणिक कर्जाला 4 लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, सरकारच्या कर्जहमी योजनेत बसलं तर साडेसात लाखांपर्यंतही. आईवडिलांपैकी एकजण सहकर्जदार लागतो. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. व्याज मात्र बहुधा पहिल्या उचलीपासूनच चढतं.