सी की रस्ट?

तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या शेजारच्या प्रेसवर एका सोबत्याची दोन बोटे गेली. चौकशीत प्रश्न एकच झाला, "लक्ष कुठे होते?" काम मंदावते म्हणून प्रेसची जाळी काढून ठेवली होती, हे कोणी विचारले नाही. 1948 च्या कारखाना कायद्याचे 21 वे कलम धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला म्हणत होते. कामगाराला दम द्या, असे म्हणत नव्हते.

संगणकाच्या विषयाला ही प्रस्तावना कशाला, असे श्रोत्यांना वाटेल. पण शिरोलीच्या सीएनसी लेथसारख्या यंत्रांच्या पोटातले हुकूम ज्या भाषांत लिहितात, त्यांच्यातही हाच वाद चालू आहे.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये 1972 च्या सुमारास घडविली. ती वेगवान खरी. संगणकाची स्मृती ती थेट कारागिराच्या हाती देते आणि मध्ये पडत नाही. 2014 साली उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' दोष पाहा. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरच्या मजकुराला कुलूप घालणारी, सीमध्ये लिहिलेली प्रणाली. तिला चार अक्षरे पाठवून "चौसष्ट हजार परत दे" म्हटले, की ती शेजारच्या कप्प्यातला मजकूरही ओतून देई. त्यात लोकांचे पासवर्डही निघत. सीने हात धरला नाही.

रस्ट ग्रेडन होअर यांनी 2006 मध्ये आरंभिली. तिची पहिली स्थिर आवृत्ती 2015 ची. ती आमच्या टूलरूमच्या चालीने चालते. बिल्ला टाकून गेज घेतला, की तो एकाच्याच जिम्म्यात. ड्रॉइंग दहाजणांनी पाहावे. पण एकजण त्यावरची रेघ बदलत असेल, तोवर दुसऱ्याने पाहू नये. हा नियम मोडणारे लिखाण कंपायलर तपासणीतच परत करतो, आणि यंत्र चालू असताना कप्प्याबाहेर हात गेला तर काम तिथेच थांबते. जाळी काढण्याची सोय आहे. मात्र तिथे 'अनसेफ' अशी पाटी लावावी लागते, म्हणजे तपासनिसाला जागा सापडते.

मग सी मोडीत काढावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. रस्ट शिकायला जड आहे, आणि स्वस्तातल्या कित्येक चिपांना सीचीच सोय आहे. वर्षानुवर्षे घासूनपुसून तपासलेले काम उगाच वितळवू नये; नव्याने ओतताना नव्या चुका शिरतात. गूगलने अँड्रॉइडमधले जुने बरेचसे तसेच ठेवून नवे काम रस्टसारख्या सुरक्षित भाषांकडे वळविले. तिथल्या सुरक्षेच्या दोषांत स्मृतीचे दोष 2019 मध्ये शेकडा 76 होते, ते 2024 मध्ये 24 वर आले. तेव्हा नवा कंट्रोलर लिहायचा असेल आणि चिपला रस्ट चालत असेल, तर आमचे मत रस्टला.

"आमचे कारागीर चुकत नाहीत," असे सांगणारे साहेब भेटतील. त्या सोबत्याचा हातही पंधरा वर्षे चुकला नव्हता.