नसलेल्या पायाची कळ आणि भयकथा

मधुमेहाने पाय सडला, गुडघ्याखाली कापावा लागला, जखमही भरून आली. आणि एका रात्री आजोबा अंथरुणातून हाक मारतात, “बोटं वळली आहेत रे, जरा सरळ कर.” नातू पाहतो, तर चादर तिथे सपाट आहे. अशा घरांना हा संवाद अपरिचित नाही. ‘पाय नाही तुम्हांला’ म्हणणे क्रूर, ‘हो, करतो’ म्हणणे खोटे. मग कोणी रिकाम्या जागेवरून हात फिरवतो, आणि आजोबा म्हणतात, “आता बरं वाटलं.” भयकथेला याहून वेगळे भूत लागत नाही.

वैद्यकशास्त्र याला ‘फँटम लिंब पेन’ म्हणते. वेदना खरी असते. अवयव तेवढा नसतो. कापलेल्या मज्जातंतूंची टोके संदेश पाठवीत राहतात, आणि मेंदूत कोरलेला शरीराचा नकाशा शस्त्रक्रियेने पुसला जात नाही. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांना 1990च्या दशकात असे आढळले, की हात गमावलेल्या रुग्णाच्या गालाला स्पर्श केला, तर तो त्याला नसलेल्या बोटांवर जाणवतो. मेंदूत चेहरा आणि हात यांचे प्रदेश शेजारी शेजारी आहेत.

या वेदनेला आज रूढ असलेले नाव 1871 मध्ये दिले ते फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी. अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांनी हे बोलणे खाटेशेजारी बसून ऐकले होते. मात्र नावाआधी कथा आली. जुलै 1866 च्या ‘अटलांटिक मंथली’त ‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ लेखकाच्या नावाविना छापली गेली. हस्तलिखित मिचेल यांनी एका परिचितांना वाचायला दिले होते. ते हातोहात संपादकांपर्यंत पोहोचले, आणि मिचेल यांच्या हाती एकदम मुद्रिते व मानधन पडले.

कथेतला डेडलो शुद्धीवर येतो आणि पोटरीत गोळा आला म्हणून ती चोळायला सांगतो. सेवक त्याला कळवतो, की पोटरीच काय, दोन्ही पाय उरलेले नाहीत. पुढे चारही अवयव गमावल्यावर त्याला शंका येऊ लागते, की आपण ‘आपण’ तरी कितपत उरलो आहोत. कथेचे खरे भय इथे आहे. शेवटच्या प्रेतात्म्यांच्या बैठकीत त्याचे पाय परत येतात, तेही लष्करी वैद्यकीय संग्रहालयातील आपापले क्रमांक सांगून, आणि मद्यार्कात नऊ महिने मुरल्यामुळे झोकांड्या खात! हा भाग थट्टेकडे झुकतो. तरीही अनेक वाचकांनी सारे सत्य मानले. डेडलोसाठी वर्गणी गोळा झाली, काही जण त्याला भेटायला रुग्णालयात गेले, आणि प्रेतात्मवाद्यांना आयता पुरावा मिळाला.

मिचेल यांची कथा विश्वसनीय ठरली ती रुग्णांच्या साध्या, घरगुती तक्रारींमुळे. गोळा येतो, खाज सुटते, नखे तळव्यात रुततात. सांगणाऱ्याला तिळमात्र शंका नसते आणि ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. भूतकथेतली साक्षही अशीच असते. अमेरिकेत तर पुरलेला अवयव वाकडा पडल्यानेच कळा येतात, अशी लोकसमजूत होती, आणि तो उकरून सरळ करून पुन्हा पुरल्याच्या हकिकती सांगितल्या जात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे अंतर फार वाटू नये. नेहमीच्या घरातले नेहमीचे बोलणे किंचित सरकले, की काय होते, हे तो जाणतो.

हीच साक्ष घरात मात्र महागात पडते. वेड लागले किंवा बाधा झाली असे म्हणतील, या धास्तीने रुग्ण कळ गिळत राहतो. वास्तविक यावर औषधे आहेत, आणि रामचंद्रन यांनीच रूढ केलेला आरशाचा उपायही आहे. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा करतात. धडधाकट पायाचे प्रतिबिंब नसलेल्या पायाच्या जागी दिसते. धडधाकट पायाची बोटे हलवली, की आरशातली हलतात, आणि काहींची वळलेली बोटे त्या वेळी सुटतात. दारात उभ्या नातवाला मात्र आजोबांचे दोन पाय दिसत असतात.