ऑटोकॅडमध्ये रेलिंगच्या पाइपांत सारखं अंतर कसं ठेवायचं?

बाल्कनीच्या रेलिंगचे उभे पाइप सारख्या अंतरावर काढायचे असतील, तर ऑटोकॅडमधली डिव्हाइड कमांड कामाला येते. पण ती जशीच्या तशी वापरली, तर दोन्ही टोकांच्या फटी मोठ्या होतात.

समजा, दोन भिंतींमध्ये 1400 मिमी जागा आहे आणि 50 मिमी रुंदीचे 9 पाइप लावायचे आहेत. 9 पाइप म्हणजे 10 फटी. 1400 मिमीच्या रेषेचे डिव्हाइडने 10 भाग केले, की दर 140 मिमीवर एक पॉइंट येतो. प्रत्येक पॉइंटवर पाइपचा मध्य ठेवा आणि फटी मोजा. मधल्या फटी 90 मिमी, टोकाच्या मात्र 115! कारण मधल्या भागांतून दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा पाइप वजा होतो, भिंतीलगतच्या भागातून एकच.

हा फरक नुसता दिसण्यापुरता नाही. लहान मुलं वावरतात त्या इमारतीत रेलिंगमधून 100 मिमीचा गोळा आरपार जाऊ नये, असं इंग्लंडच्या बांधकाम नियमांचं मार्गदर्शन सांगतं.

उपाय सोपा आहे:

1. रेषा दोन्ही टोकांना अर्ध्या पाइपाएवढी, म्हणजे 25-25 मिमी वाढवा. ती 1450 होईल.
2. डिव्हाइड कमांड द्या, रेषा निवडा आणि 10 टाइप करा.
3. पॉइंट दिसत नसतील, तर पीटाइप कमांडने त्यांची खूण बदला.

आता पॉइंट दर 145 मिमीवर येतात आणि सगळ्या फटी 95 मिमीच्या होतात. मात्र नंतर रेषेची लांबी बदलली, तर पॉइंट आपोआप सरकत नाहीत. जुने पुसून कमांड पुन्हा द्यावी लागते.