दोन नावांचं गाव



मधमाश्यांच्या पेट्या मधासाठी असतात, हे आपल्याला माहीत आहे. पण दुसऱ्या महायुद्धात एका बाईनं त्या पेट्यांत आपल्या नवऱ्याची पत्रं लपवली होती. ती हिटलरच्या पोलिसांच्या हाती लागली असती, तर घरावर संकट आलं असतं. आणि मधमाश्यांच्या पेटीत हात घालायला पोलीससुद्धा कचरणारच! त्या बाईचं नाव फ्राया फॉन मोल्टके. तिचं गाव तेव्हा जर्मनीत होतं, नाव क्रायझाऊ. आज तेच गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याला क्शिझोवा म्हणतात. गाव होतं तिथंच राहिलं, देशाची सरहद्द मात्र सरकली. ते कसं झालं, ते आज सांगते.

पोलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सायलेशिया नावाचा मुलूख आहे. त्याच्या दक्षिणेला सुडेटन डोंगर आणि डोंगरापलीकडे चेक देश. डोंगर उतरून सपाटी सुरू होते, तिथं पिवावा नावाच्या लहानशा नदीकाठी क्शिझोवा वसलं आहे. जमीन सुपीक. गहू, बटाटा आणि साखरेचं बीट ही इकडची पिकं. थंडीमुळं ऊस तिथं होत नाही, म्हणून साखर बीटाच्या कंदापासून काढतात. बीटापासून साखर काढणारा जगातला पहिला कारखाना याच सायलेशियात, १८०० नंतर लगेचच सुरू झाला होता.

'पूर्वी जर्मन होतं, आता पोलिश आहे' असं आपण म्हणतो, पण तेवढ्यावर भागत नाही. हा मुलूख फार पूर्वी पोलिश राजघराण्याकडे होता, मग बोहेमियाकडे गेला, मग ऑस्ट्रियाकडे. १७४० नंतर प्रशियाच्या राजानं तो जिंकला, आणि १८७१ मध्ये जर्मनी देश झाल्यावर त्यात आला. जवळच्या श्विदनित्सा शहरात सतराव्या शतकातलं एक मोठं चर्च आहे. तिथले लोक प्रॉटेस्टंट आणि राजा कॅथलिक. राजानं चर्चला परवानगी दिली, पण अट घातली: दगड-विटा वापरायच्या नाहीत, फक्त लाकूड, माती, गवताचा पेंढा. बांधकाम वर्षभरात संपलं पाहिजे. म्हणजे चार पावसाळ्यांत पडेल, असा हिशेब असावा. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, ते अजून उभं आहे. मातीच्या घराला कच्चं घर म्हणणाऱ्यांनी ते एकदा पाहून यावं.

आता आपल्या गावाकडे येऊ. १८६६ मध्ये प्रशियानं ऑस्ट्रियाचा पराभव केला. विजयी सेनापती मोल्टके यांना मोठं बक्षीस मिळालं, त्यातून त्यांनी १८६७ मध्ये क्रायझाऊचा वाडा आणि जमीन विकत घेतली. पुढं ही मालमत्ता घराण्यातल्या हेल्मुट जेम्स यांच्याकडे आली. हे वकील होते, आणि हिटलरच्या विरोधात होते. फ्राया त्यांची बायको. नवरा कामासाठी बर्लिनला, आणि शेतीचा कारभार हिच्याकडे. दोघं मोठा वाडा सोडून टेकडीवरच्या लहान घरात राहत.

१९४२ आणि १९४३ मध्ये त्या लहान घरात तीन बैठका झाल्या. वकील, पाद्री, कामगार पुढारी असे लोक पाहुणे म्हणून आले आणि हिटलर गेल्यावर देश कसा उभा करायचा यावर बोलले. त्यांचं म्हणणं होतं, की कारभार खालून उभा राहिला पाहिजे, गावातल्या, शेजारपाजारच्या लहान गटांपासून. फ्रायाही त्या चर्चेत बसायची. १९४४ च्या जानेवारीत हेल्मुटना अटक झाली आणि २३ जानेवारी १९४५ ला फाशी. फ्राया तेव्हा ३३ वर्षांची होती. मुलगे सात आणि तीन वर्षांचे.

चार महिन्यांत युद्ध संपलं, जर्मनी हरली. मग विजयी देशांनी नकाशा बदलला. पोलंडचा पूर्वेकडचा मोठा भाग रशियानं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघानं, स्वतःकडे ठेवला. त्या बदल्यात पोलंडला पश्चिमेकडचा जर्मन मुलूख दिला. सायलेशिया त्यातच आला. तिथल्या लाखो जर्मनांना घरदार सोडून जावं लागलं. बरोबर नेता येईल तेवढंच गाठोडं घ्यायचं. हे ऐकून त्या बायकांसाठी जीव तुटतो, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला होता, आणि त्या युद्धात पोलंडचे जवळजवळ ६० लाख नागरिक मारले गेले. त्यातले निम्मे ज्यू होते. क्रायझाऊच्याच मुलखात हिटलरची छळछावणी होती.

रिकाम्या होणाऱ्या घरांत आलं कोण? बरेचसे लोक त्याच पूर्वेकडच्या पोलंडमधून उठवलेले. मालगाडीच्या डब्यात गाय, नांगर, बियाणं आणि पोरंबाळं घेऊन कित्येक आठवडे प्रवास करून ते पोचले. काही गावांत जुनी जर्मन घरमालकीण अजून गेलेली नव्हती आणि नवी पोलिश बाई आलेली होती. दोघी एका चुलीवर महिनोन्महिने रांधत होत्या. भाषा एकमेकींची कळत नव्हती. एकीला घर सोडायचं होतं, आणि दुसरीनं आपलं घर आधीच सोडलेलं होतं.

त्याच पूर्व पोलंडच्या काही बायका आपल्या कोल्हापूरजवळ येऊन राहिल्या होत्या. १९४० पासून रशियानं त्यांच्या कुटुंबांना सैबेरियात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटलेल्या बायकामुलांसाठी वळिवडे इथं १९४३ ते १९४८ पोलिश वसाहत होती. जवळजवळ ५००० माणसं राहत होती. युद्ध संपल्यावर परत जायचं तर कुठं? त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात गेलेलं. बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेले, काही पोलंडला परतले, पण जुन्या घरी नाही. आणि वळिवड्याच्या त्याच वसाहतीत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर.

सायलेशियात आलेल्या पोलिश कुटुंबांना सरकारनं घरं आणि जमिनी दिल्या, कागदही दिले. पण मन थाऱ्यावर नव्हतं. पश्चिम जर्मनीनं ही सरहद्द पंचवीस वर्षं मान्यच केली नव्हती. उद्या जुने मालक परत आले तर? आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा हातात आहे, पण त्यावर भरवसा नाही. मग छप्पर दुरुस्त करायला, झाड लावायला हात धजत नाही. कित्येकांनी वर्षानुवर्षं सामान बांधूनच ठेवलं होतं, असं सांगतात. मात्र सणाचा स्वयंपाक त्यांनी बरोबर आणला होता. शिजवलेला गहू, खसखस आणि मध घालून केलेला 'कुत्या' नावाचा पदार्थ नाताळच्या आदल्या रात्री पूर्वेकडून आलेल्या घरांत होतोच. आपल्या गव्हाच्या खिरीची बहीणच म्हणा.

क्शिझोवाच्या वाड्याची जमीन सरकारी शेतीत गेली. वाड्याची पडझड झाली. फ्राया १९४५ मध्येच मुलांना घेऊन निघाली होती, पत्रं बरोबर घेऊन.

१९८९ मध्ये काळ फिरला. जूनमध्ये पोलंडमधल्या काही लोकांनी ठरवलं, की या गावात दोन्ही देशांच्या माणसांनी भेटावं. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली, आणि तीनच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, त्या पडक्या वाड्याच्या अंगणात प्रार्थना झाली. पोलंडचे पंतप्रधान माझोविएत्स्की आणि जर्मनीचे चॅन्सलर कोल यांनी एकमेकांना आलिंगन दिलं. गर्दीत सायलेशियात उरलेले जर्मनही होते. कोल आमचेही चॅन्सलर आहेत, असा त्यांचा फलक होता. गावातल्या पोलिश बाईला तो फलक वाचून काय वाटलं असेल, याचा विचार करा. पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९९० ला, दोन्ही देशांनी सरहद्दीच्या करारावर सही केली. पंचेचाळीस वर्षांनी घराची खात्री पटायला आधार मिळाला.

फ्रायानं वाडा परत मागितला नाही. तिथं तरुणांसाठी भेटीचं केंद्र व्हावं, या कामाला तिनं पाठिंबा दिला. ते केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं. गोठे आणि धान्याच्या कोठारांच्या जागी आता वेगवेगळ्या देशांतली मुलंमुली येऊन राहतात. फ्राया २०१० मध्ये अमेरिकेत वारली, ९८ वर्षांची होऊन. पेट्यांतून वाचलेली ती पत्रं पुस्तकरूपानं छापली गेली आहेत, आणि टेकडीवरचं ते लहान घर आजही तिथं उभं आहे.