वर्डच्या कॅलेंडरातली 35 जानेवारी

‘नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरावी’ असं टाईप करणारा कारकून पुढची तारीख काढायला अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. यात त्याचा आळस नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डला तारखांची बेरीज येतच नाही.

ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबलं की वर्ड आजची तारीख टाकतं. ते दिसतं अक्षरांसारखं, पण असतं ‘फील्ड’, म्हणजे आतून बदलणारा मजकूर. त्यातला दिवसाचा आकडा घेऊन त्यात 15 मिळवा, असं सूत्र लिहिता येतं. 5 जानेवारीला उत्तर बरोबर येतं, 20 जानेवारीला मात्र 35 येतं! महिना कधी संपतो, लीप वर्ष कोणतं, हे सगळं मग एकात एक फील्ड घालून आपणच शिकवायचं. हौशी मंडळींनी तशी सूत्रं रचली आहेत. पण त्यातला एक कंस हलला तर दुरुस्त कोण करणार? त्यापेक्षा चार ओळींचा मॅक्रो, म्हणजे वर्डमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम, बरा.

एक्सेलला हे जमतं, कारण त्याच्या लेखी तारीख हा साधा आकडा असतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि तिथून रोज एकेक वाढत जातो. (1900 हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल त्या वर्षी 29 फेब्रुवारी मोजतं. लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली ही चूक जुन्या फायली जुळाव्यात म्हणून जाणूनबुजून ठेवली गेली.) अकरा महिन्यांच्या भाडेकरारात मात्र दिवस मिळवू नयेत. 1 एप्रिल 2025 मध्ये तीस गुणिले अकरा, म्हणजे 330 दिवस मिळवले तर 25 फेब्रुवारी येते. करार संपतो 28 फेब्रुवारी 2026 ला. त्यासाठी एक्सेलच्या ‘ईडेट’ या सूत्राने अकरा महिने पुढे जायचं आणि एक दिवस वजा करायचा. ही तारीख मेल मर्जने, म्हणजे यादीतली माहिती पत्रात आपोआप भरण्याच्या सोयीने, वर्डमध्ये आणताना ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी, अशी उतरते. फील्डमध्ये तारखेचा साचा लिहून द्यावा लागतो, आणि त्यात महिन्याचा एम मोठाच हवा. लहान एम म्हणजे मिनिटं.

लिबरऑफिस रायटरमध्ये तारखेच्या फील्डलाच ‘इतके दिवस पुढे’ असा रकाना आहे. मुदतीच्या पत्रांपुरता मला तोच सगळ्यात सरळ वाटतो. मात्र तिथे ‘स्थिर’ तारीख निवडा. वर्डमध्ये त्यासाठी फील्डवर कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट, एफ9 दाबायचं. नाहीतर जानेवारीची नोटीस जूनमध्ये उघडली की तिच्यावर जूनची तारीख, आणि पाठवलेल्या प्रतीशी दप्तरातली प्रत जुळेनाशी.

उरतो दिवस मोजण्याचा आणि सुटीचा प्रश्न. 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्यानुसार ‘पासून’ म्हटलं की पहिला दिवस धरत नाहीत. ही रीत साध्या बेरजेशी जुळते: 20 जानेवारीपासून पंधरा दिवस म्हणजे 4 फेब्रुवारी. कोर्टात किंवा कचेरीत करायच्या कामाचा शेवटचा दिवस बंदचा निघाला, तर ते काम पुढच्या उघड्या दिवशी चालतं. एक्सेलमध्ये त्यासाठी शेवटच्या तारखेतून एक वजा करून ‘वर्कडे’ या सूत्राकडे पुढचा एक कामाचा दिवस मागायचा. पण ‘वर्कडे’ सगळेच शनिवार बंद धरतं; आपल्या बँका 2015 पासून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. म्हणून ‘वर्कडे-इंटल’ घेऊन आठवड्याची सुटी फक्त रविवार ठेवायची आणि ते दोन शनिवार, गणेश चतुर्थी, ईद ही सगळी यादी दरवर्षी हातानेच भरायची.