टेन्शन, खर्रा आणि कर्करोग

आजचा विषय आहे ताण आणि कर्करोग. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कुणी विचारेल. पण कार्य आणि कारण यांचा संबंध तपासणे हेच तर आमचे जन्मभराचे काम.

कुणाला कर्करोग झाला की भेटायला आलेले म्हणतात, "फार टेन्शन घेत होता जी, म्हणूनच झालं." हे वाक्य जरा तपासू या. १९३६ साली हान्स सेली यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ताणाचा शरीरावर होणारा परिणाम मांडला. ताण आला की अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, झोप उडते. एवढे पक्के आहे. पण ताणामुळे थेट कर्करोग होतो, हे माणसांवरील अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणजे आपण आजारी माणसाच्या दुखण्यावर नाहक दोषाचे ओझे ठेवतो.

मग संबंध नाहीच का? आहे, पण आडवाटेने. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच बघा. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी आली, कापसाचा भाव पडला, की हात कुठे जातो? खर्र्याच्या पन्नीकडे! सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना कर्करोगकारक ठरवले आहे. ताण खर्र्याकडे नेतो आणि खर्रा कर्करोगाकडे. मधली कडी तोडता येते.

"पण खर्र्याने डोकं शांत होते ना, सर!" होते, थोडा वेळ. मागच्या खर्र्यातले निकोटिन उतरले की तगमग होते, ती पुढचा खर्रा शमवतो. एका सावकाराचे फेडायला दुसऱ्याकडून काढावे, तसा हा व्यवहार.

बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण दुःखाचा. दुसरा, त्या दुःखावर कुढत आपणच मारून घेतलेला. नापिकी, कर्ज हा पहिला बाण. तो श्वास मोजून निघत नाही, त्यासाठी भाव, पाणी, पीकविमाच लागतो. दुसरा मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी पैसा लागत नाही. तलफ आली की चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असे दहा वेळा करा. संध्याकाळी अर्धा तास पायी फिरा. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आपल्या गावोगाव आहे, तिथे जाऊन बसा. गाताना श्वास आपोआप लांबतो आणि माणसांची सोबतही मिळते. मनातले एका तरी माणसाशी बोला. खर्रा सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

एक सांगून ठेवतो. यातले काहीही कर्करोगावरचा उपचार नव्हे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे जखम भरली नाही, स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जाईनात, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि पुढच्या वेळी अशा घरी गेलो, तर "टेन्शन घेतलं म्हणून झालं" असे आपण म्हणायचे नाही. "दवाखान्यात सोबत येतो," एवढेच म्हणू या.